वाट्याचा घास

वाचकहो, ‘कुत्र्याला काय खाऊ घालावे’ हा काय लेखाचा विषय झाला, असे आपणास वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्हालाही तसेच वाटले असते. उरलेली पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, पाहुणे आले असतील तर हाडके, एवढे दाराशी ठेवले की झाले, इतकीच आमची समज होती. परंतु एप्रिल २०२३ मध्ये आमच्या घरी जो प्रसंग घडला त्याने ही समज पार पुसून टाकली. तो प्रसंग आणि त्यातून शिकलेला हिशोब आपल्यापुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही अंबरनाथला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. सकाळची लोकल आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका, यात दिवस जातो. घरात आमच्या सहचारिणी, मुलगा, अकरावीतली मुलगी आणि पंचाहत्तरीला टेकलेली आई. २०२० च्या टाळेबंदीत, भर पावसात, एक तांबूस पिल्लू आमच्या जिन्याखाली येऊन बसले. आई म्हणाली, “आता आलंय तर ऱ्हाऊ दे.” तेव्हापासून शेरू आमच्या घरचा झाला. जात म्हणाल तर साधा गावठी कुत्रा. त्याचे लसीकरण केले, पुढे शस्त्रक्रियाही करून घेतली. बाजारात मिळणारे कोरडे खाद्य आम्ही त्याला देत असू. पण त्याच्या खाण्याचा खरा कारभार आईकडे होता.

आईचा एक नियम होता. शेरूला उष्टे घालायचे नाही. ताटातले उरले तर ते कुणी दारात टाकायचे नाही. त्याला द्यायचे ते पातेल्यातून, ताजे आणि आपण बसण्याआधी. मुले हसत. आम्ही हसत नसू, कारण या नियमाचे मूळ आम्हाला ठाऊक होते.

आई सातारा भागातली. तिच्या लहानपणी घरावर येसकरपाळी येत असे. पाळी आली की आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दिवसभर गावकीची कामे करीत आणि संध्याकाळी टोपले घेऊन दारोदार भाकरी मागत. त्या टोपल्यात ज्वारीची, बाजरीची, ताजी, शिळी, अर्धी मोडलेली, सगळी एकत्र. कोरड्यास एकाच गाडग्यात. आई सांगते, ज्या दारात आजोबा उभे राहत त्याच दारात गावातले कुत्रेही उभे असे. तुकडा आधी कुणाला पडायचा ते आतल्या बाईच्या मर्जीवर असे. १९५६ साली आजोबांनी टोपले टाकून दिले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. पण त्या टोपल्याची आठवण आईच्या मनातून गेली नाही. “उष्टं खाऊन जीव जगतो, पण मान खाली जाती,” असे ती म्हणते. मग तो जीव कुत्र्याचा का असेना.

१४ एप्रिल २०२३. घरोघर असतो तसा आमच्याकडेही आनंद. सकाळी मिरवणुकीची धावपळ, दुपारी पंधरा-वीस माणसे जेवायला. मटणाचा मोठा टोप चढला होता. वाटण कांदा-खोबऱ्याचे, लसूण भरपूर, वर बोटभर तर्री. आईने आपल्या नियमाप्रमाणे पहिली वाढणी शेरूची केली. चार चांगले तुकडे, नळीची दोन हाडे आणि वाटीभर रस्सा. “आज सगळ्यांचाच सण हाय,” म्हणाली. शेरूने ताट चाटून लख्ख केले. आम्हालाही कौतुक वाटले.

त्याच रात्री शेरूला उलट्या सुरू झाल्या. पहिली झाली तेव्हा वाटले, जास्त खाल्ले असेल. पहाटेपर्यंत सहा झाल्या. पाणीही पोटात ठरेना. पुढचे पाय पसरून, पाठ वर काढून तो ओट्याखाली उभा राही आणि पोटाला हात लावला की विव्हळे. सकाळी त्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी तपासले, रक्त घेतले, हाड कुठे अडकले आहे का ते पाहण्यासाठी फोटो काढला. सुदैवाने हाड अडकले नव्हते. पण स्वादुपिंडाला सूज आली होती. एका वेळी एवढी चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांच्या बाबतीत असे होते, यात जीवही जातो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शिवाय कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी तो दोष जात नाही, म्हणून पुढचे काही दिवस रक्तावर लक्ष ठेवावे लागेल, असेही त्या म्हणाल्या.

तीन दिवस सलाईन चालले. आम्ही रजा टाकली. बिल आमच्या पगाराच्या मानाने जड होते, पण त्याचे काही नाही. जड झाले ते आईचे गप्प बसणे. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला समजावले, “आजी, तुम्ही मायेनंच घातलंत. पण त्याचं पोट माणसाचं नाही.” आईने मान हलवली. घरी आल्यावर मात्र तिने शेरूच्या ताटाला हात लावणे सोडले.

शेरू बरा झाला. महिनाभर डॉक्टरबाईंनी दिलेले कमी चरबीचे खाद्य त्याला द्यायचे होते. तो हुंगे, एखादा दाणा खाई आणि आईच्या खाटेपाशी जाऊन बसे. आई भिंतीकडे तोंड करून निजे. आम्ही म्हटले, “आई, तू नुसतं ताट पुढे सरकव, तो खाईल.” ती म्हणाली, “माज्या हाताचा आता भरवसा न्हाई रं.” वाचकहो, जिने आयुष्यभर दुसऱ्याला आधी वाढले, तिच्या तोंडचे हे वाक्य आम्हाला सहन झाले नाही. शेरूचे वजन उतरत होते आणि आईचेही जेवण कमी झाले होते. दोघांचे दुखणे एकच होते.

शेवटी आमच्या मुलीने वाट काढली. पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरबाईंना सरळ विचारले, “घरचं काहीच द्यायचं नाही का?” त्या म्हणाल्या, “द्या की! पण मापानं द्या, आणि त्याच्यासाठी वेगळं शिजवून द्या.” मग त्यांनी जे सांगितले, ते आम्ही वहीत जमाखर्चाच्या पद्धतीने लिहून घेतले.

पहिली गोष्ट, घरचे अन्न हे जोड म्हणून द्यायचे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे १० टक्के. बाकीचे ९० टक्के ज्या पिशवीवर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे लिहिलेले असते त्या खाद्यातून. कारण त्या खाद्यात कॅल्शियम, जस्त, तांबे, आयोडीन, जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. त्यात आपण वाटेल तेवढे बाहेरचे मिसळले की ते माप बिघडते. आमच्यासारख्या खाते लिहिणाऱ्याला हे चटकन पटले. ताळेबंदात एका बाजूला रक्कम वाढवली आणि दुसरीकडे नोंदच केली नाही, तर ताळा जमणार कसा?

दुसरी गोष्ट, कुत्र्याला दिवसाला लागते किती? त्याचे सूत्र आहे. घरात साधा कॅल्क्युलेटर असला तरी भागते. कुत्र्याचे वजन किलोत घ्या, त्याचे दोनदा वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचा घन करा आणि ७० ने गुणा. शेरूचे नेहमीचे वजन १६ किलो. वर्गमूळ ४, पुन्हा वर्गमूळ २, त्याचा घन ८, गुणिले ७० म्हणजे ५६०. नुसते पडून राहिले तरी शरीराला लागणाऱ्या या कॅलरी. शस्त्रक्रिया झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याच्या साधारण १.६ पट धरतात. म्हणजे शेरूला सुमारे ९००. त्याचे १० टक्के ९०. बाकी ८१० कॅलरी खाद्यातून. आमच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी लिहिले होते, म्हणजे दिवसाला २३० ग्रॅम खाद्य. हे अर्थात सुरुवातीचे माप. वजन वाढू लागले तर कमी करायचे, उतरू लागले तर वाढवायचे.

आता ९० कॅलरीत बसते काय? हा आकडा ऐकून आम्हाला हसू आले होते, पण बसते बरेच. कातडी काढलेली, मीठ न घालता उकडलेली कोंबडीच्या छातीची ३० ग्रॅम, त्याच्या सुमारे ५० कॅलरी. उकडलेला लाल भोपळा ६० ग्रॅम, त्याच्या १५ च्या आत. आणि मोठा चमचाभर मऊ भात, २५ च्या आसपास. झाला हिशोब. कोंबडी उकडलेले पाणी थंड होऊ द्यायचे, वर चरबीचा थर धरला की तो काढून टाकायचा आणि उरलेले नितळ पाणी कोमट करून कोरड्या खाद्यावर ओतायचे. दाणे मऊ होतात आणि वास सुटतो. जो शेरू दाणे हुंगून जात असे, तो आता ताट पुसून काढतो.

मुलीने एका स्टीलच्या वाटीला आतून नखाच्या रंगाने खूण केली आणि ती वाटी आईच्या हातात दिली. “आजी, या खुणेपर्यंत तुझं. याच्यावर गेलं तर मी रागवेन.” आईने वाटी उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला स्वयंपाकघरात खुडबूड ऐकू आली. आई भोपळ्याच्या फोडी करीत होती. “कांदा न्हाई, मीठ न्हाई, त्याल न्हाई,” असे स्वतःशीच घोकत होती. त्या दिवशी तिनेही दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका येईल. गावाकडची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवरच जगली ना? मग हे ग्रॅम-कॅलरीचे खूळ कशाला? शंका रास्त आहे. कुत्र्याला भाकरी पचते हे खरे आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या सोबतीने राहता राहता त्याचे पोट माणसाच्या धान्याला सरावले. पण पचणे वेगळे आणि पुरणे वेगळे. गावातले कुत्रे भाकरीखेरीज उंदीर, घुशी, मेलेल्या जनावराचे मांस असे बरेच काही खात असे, आणि किती पिल्ले मोठी होण्याआधीच मरत याची नोंद कुणी ठेवली नाही. साखळीला बांधलेल्या किंवा घरात राहणाऱ्या कुत्र्यापुढे फक्त आपण ठेवू तेच असते. नुसती दूध-पोळी किंवा नुसता मटण-भात यावर त्याची हाडे भरत नाहीत. मांसात आणि धान्यात फॉस्फरस पुष्कळ, कॅल्शियम मात्र अगदी थोडे. मग शरीर ते हाडांतून ओढून घेते. वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात ते यामुळेच.

मग सगळेच खाणे घरी करून घालावे म्हटले तर? तेही करता येते, पण ते पशुवैद्यकाकडून पूर्ण हिशोब लिहून घेऊनच करावे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेने २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी भरला. त्यांतल्या पुष्कळ तर पुस्तकांत छापलेल्या होत्या. तेव्हा शेजाऱ्याने सांगितले, कुणी मोबाईलवर पाठवले, म्हणून करू नये. अंड्याच्या टरफलाची पूड कॅल्शियमसाठी चांगली, पण तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच. संपूर्ण खाद्य चालू असताना वरून ती घालण्याची गरज नसते.

घरातील भगिनींनी आणि बंधूंनी स्वयंपाकघरात लावून ठेवावी अशी यादी आम्ही येथे देतो. कुत्र्याला हे कधीही देऊ नये: कांदा व लसूण, कच्चा, शिजवलेला वा पूड केलेला, कोणत्याही रूपात, द्राक्षे, मनुका व बेदाणे, कारण त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकते, चॉकलेट, चहा-कॉफी आणि दारू, बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारा झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ, शिजवलेली हाडे, कारण ती चिरफळून घशात वा आतड्यात रुततात, तर्री, तूप, तळणीचे पदार्थ, लोणचे-पापड. दूध पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. बिस्किटे तर आपण सर्रास देतो. पण १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण ४५० कॅलरी असतात, त्याही मैदा, साखर आणि चरबीच्या.

चालणाऱ्या वस्तू: उकडलेली बिनचरबीची कोंबडी किंवा काटे काढलेली मासळी, पूर्ण शिजवलेले अंडे, लाल भोपळा, गाजर, फरसबी, मऊ भात, बिनमिठाची मुगाची पातळ खिचडी, बिया काढलेले सफरचंद. एका उकडलेल्या अंड्याच्या साधारण ७५ कॅलरी होतात, म्हणजे शेरूएवढ्या कुत्र्याचा दिवसाचा वाटा एका अंड्यातच जवळजवळ संपतो, हे ध्यानात ठेवावे. काळीज पौष्टिक असले तरी रोज देऊ नये, त्यातले अ जीवनसत्त्व साठून अपाय होतो. नवीन वस्तू एका वेळी एकच द्यावी, आधी चिमूटभर, मग तीन-चार दिवस शौचाकडे लक्ष ठेवून वाढवावी. शिजवलेले फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. आणि ज्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा, मधुमेहाचा किंवा शेरूसारखा पोटाचा विकार होऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग पातेले.

खर्चाचे म्हणाल तर रोज ३० ग्रॅमने महिन्याला कच्ची कोंबडी सव्वा किलोच्या आसपास लागते. भोपळा आणि भात घरात असतोच. पूर्वी बिस्किटांच्या पुड्यांवर जेवढे जात होते त्याहून हे फार जास्त नाही, असे आमची वही सांगते.

आमच्या एका कार्यकर्ता मित्राने बैठकीनंतर आम्हाला टोचले. “माणसांना पोटभर मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याला कोंबडी तोलून घालता?” आम्ही त्या वेळी गप्प बसलो, पण विचार करीत राहिलो. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता, आणि त्याविरुद्ध २० मार्च १९२७ रोजी तिथे सत्याग्रह झाला, हे आपल्या घरातले शेंबडे पोरही सांगेल. पण पाणी अडविणारा कुत्रा नव्हता, माणूस होता. आपल्या आजोबांच्या शेजारी तुकड्याची वाट पाहत उभा असलेला तो मुका जीव आपला वैरी नव्हता. माणसाच्या ताटासाठी झगडायचे ते झगडतच राहू. म्हणून दारातल्या प्राण्याला उष्टे फेकावे, असे मात्र त्यातून निघत नाही. मित्राला आम्ही पुढच्या रविवारी घरी बोलावले. आईने त्याला आधी जेवू घातले आणि मग शेरूची वाटी दाखवली. आता त्याच्या वस्तीतल्या एका कुत्रीसाठी तो मुलीकडून हिशोब करून नेतो.

आमच्या आईचा नियम चुकीचा होता असे आम्ही कधीच म्हणणार नाही. उष्टे घालू नये, ताजे घालावे, मानाने घालावे, हे तिचे म्हणणे सोळा आणे खरे. त्यात उणे होते ते एवढेच की, जे आपल्याला गोड लागते तेच त्याला सोसेल असे तिने धरून चालले होते, आणि आम्ही शिकलेली माणसे असून तिला ते सांगू शकलो नाही. दोष असलाच तर आमचा. माया तिच्यापाशी होती, माहिती मिळवणे आमचे काम होते.

१४ एप्रिल २०२४ ला पुन्हा तोच टोप चढला, तीच माणसे आली. आई दारात पाट टाकून बसली होती आणि शेरू तिच्या पायाशी. कुणी कौतुकाने हाड पुढे केले की आई हात आडवा करी. “त्याचं जेवान झालंय. त्याचा वाटा त्याला मिळालाय,” असे प्रत्येकाला सांगे. रात्री सगळे गेल्यावर तिने खुणेची वाटी घासून पुसून पालथी घातली आणि मगच ती निजली.

वाचकहो, आपल्या दारीही असा एखादा जीव असेल. त्याच्यासाठी एक वाटी वेगळी ठेवा. तिला एक खूण करा. आणि त्या खुणेपर्यंत जे घालाल ते त्याच्यासाठी शिजवलेले असू द्या.